माल यायचा आहे

“हिनं विचारलंच तर माल यायचा आहे म्हणून सांगा,” असं हे खाली हिरवळीला फवारे बसवून देणाऱ्या त्या पाणीवाल्याला म्हणाले, तेव्हा मी वरच्या खोलीत खिडकीशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. खिडकीला अजून काच नाही. चौकटीवर निळं प्लास्टिक ठोकलंय, त्याचा एक कोपरा सुटलाय, आणि त्या फटीतून शब्दन् शब्द वर आला. माझ्या कानात आता कायमचा रातकिडा बसलाय, पहिल्या औषधाची कृपा, तरीही आला. “पण माल आहे ना साहेब. पाइप, व्हॉल्व्ह, सगळं माझ्या गाडीतच पडलंय,” पाणीवाला बिचारा म्हणाला. “असू द्या हो. तुमच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. फक्त एवढ्यात नको. थोडं लांबवा. आणि हिच्यापाशी यातलं काही बोलू नका, हिची तब्येत बरी नसते.” ही म्हणजे मी. तब्येत बरी नसते म्हणजे पोटात एक गाठ होती, ती काढली, मग तिची पिलावळ यकृतात निघाली, आणि तेव्हापासून माझ्या शिरांत बाटल्या रिकाम्या करणं चालू आहे. माझ्या मागे ती आवाजवाली, म्हणजे घरभर स्पीकर बसवून देणारी बाई, खोलीच्या मधोमध उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि मान वाकडी करून भिंतींकडे कान देत होती. रिकाम्या खोलीत आवाज कसा घुमतो ते आधी बघावं लागतं म्हणे. तिचं खाली लक्षच नव्हतं. मला मात्र सगळं एका झटक्यात कळलं, आणि पहिला विचार काय यावा? की आपण किती बावळट. कारखान्यात कुणी दोन इंच कापड कमी दिलं तर मला नुसत्या नजरेनं कळायचं, आणि इथं नवरा मला महिनोन्‌महिने शेंडी लावत होता आणि मी कौतुकानं बघत होते.

आमचा ठराव तसा साधा होता. डॉक्टरांच्या समोर बसून झाला. डॉक्टर म्हणाले होते की अजून एक औषध आहे, देता येईल, फरक पडू शकतो. ‘शकतो’ म्हणताना ते माझ्याकडे न बघता पेनाच्या टोपणाशी खेळत होते. मी नको म्हटलं. हे हो म्हणाले. एकाच खुर्चीसाठी भांडणाऱ्या दोन पोरांसारखे आम्ही नको-हो, नको-हो करत राहिलो, आणि डॉक्टर घड्याळाकडे बघायला लागले तेव्हा मीच तोडगा काढला. म्हटलं, घर पुरं होईपर्यंत घेते. ज्या दिवशी घर राहायला तयार होईल त्या दिवसापासून सुई बंद. मग माझ्या घरात, माझ्या पलंगावर, माझं जे व्हायचं ते होईल. ह्यांनी लगेच मान डोलावली. तिथंच मला शंका यायला हवी होती. उभा जन्म खरेदी खात्यात काढलेला माणूस, तीन कोटेशनं आल्याशिवाय ऑफिसात टाचणी येऊ दिली नाही, तो एका वाक्यात कबूल होतो? पण मला वाटलं, माणूस थकला. मीही थकले होते. आणि घर तेव्हा खरोखरच झाल्यात जमा होतं. भिंती उभ्या होत्या, फरशी बसली होती, नळाला पाणी आलं होतं. आतलं खोटं छत, रंग आणि खिडक्यांच्या काचांसारखी बारीकसारीक कामं, एवढंच काय ते राहिलं होतं. मग एक दिवस चहा पिता पिता हे म्हणाले, “अगं, समोर मोकळी जागा आहे, तिथं हिरवळ लावू या का? आणि सगळ्या खोल्यांतून गाणी ऐकू येतील असंही काहीतरी करतात म्हणे आता.” मी बघतच राहिले. बातम्या संपल्या की रेडिओ बंद करणारा हा माणूस. घरात कुंडी आणली तर तिच्याखाली ओल धरेल म्हणून कुरकुरणारा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू? मला वाटलं, हे माझ्यासाठी करताहेत. शेवटी शेवटी का होईना, ह्यांना सुचलं. मी त्या दिवशी औषधाची मळमळ असूनही सबंध कप चहा प्यायले.

आता कळतंय की ह्यांचं डोकं कुठं चाललं होतं. स्पीकरच्या वायरी छताच्या आतून जातात. त्या गेल्याशिवाय छत बंद करता येत नाही, आणि छत बंद झाल्याशिवाय रंगारी पाऊल टाकत नाही. बाहेर पाण्याचे पाइप मातीखालून जातात. ते पुरल्याशिवाय हिरवळीच्या चटया अंथरता येत नाहीत, आणि तोवर दारापर्यंत चिखल, मग फरशीला पॉलिश कोण करणार? दोन माणसं निवडायची नाहीत, एवढं केलं की सगळं घर ठप्प. असं नेमकं घोडं अडवायला अक्कल लागते, आणि ती ह्यांच्याकडे भरपूर आहे. पहिला पाणीवाला आला तो टोपीवाला. डोक्यावरची टोपी एकदाही काढली नाही त्यानं, घरात आल्यावरही नाही. त्यानं जमिनीतून वर येणारे फवारे दाखवले, पाण्याचा दाब वाढला की डोकं वर काढतात आणि बंद झाला की खाली जातात. मला आवडले. हे म्हणाले, फवारे प्लास्टिकचे आहेत, उन्हानं तडकतील. टोपीवाला म्हणाला, साहेब, सगळ्यांचेच प्लास्टिकचे असतात. हे म्हणाले, बघू. त्या ‘बघू’च्या पोटी माझ्या तोंडात फोड आले. औषधाची एक फेरी वाढली ना. नंतर कोटवाला आला, त्यानं जागेचा नकाशा काढून आणला, कुठला फवारा कुठपर्यंत पोचेल त्याची वर्तुळं काढली. ह्यांनी तो नकाशा डोळ्यांजवळ नेऊन असा काही बघितला की जणू त्यात पुरलेलं धन सापडणार आहे. दोन वर्तुळांच्या मधला हा कोपरा कोरडा राहील, म्हणाले. कोटवाल्यानं नवा नकाशा आणला. मग दुसरा कोपरा ओला राहायला लागला. त्या काथ्याकुटात माझ्या पायांची बोटं बधिर झाली, चप्पल पायातून निघून गेली तरी कळेना, आणि गार वस्तूला हात लावला की करंट बसायला लागला. हे दुसऱ्या औषधाचं देणं. फ्रीजचं दार उघडायचं तर हातमोजे. नळाचं पाणी बोटावर पडलं की ठिणगी पडल्यासारखा हात मागे यायचा. आणि माझा नवरा माझ्यासाठी अंगणभर पाणी उडवणारी माणसं निवडत होता! मी एकदा म्हटलं सुद्धा, “अहो, त्या हिरवळीवर मी चालणार कशी? पाणी लागलं की मी ओरडेन.” तर म्हणाले, “तोवर बरी होशील.” माणूस खोटं बोलतोय असं तेव्हाही वाटलं नाही. आशा करतोय असं वाटलं.

गाण्याचंही तेच. गळ्यात इयरफोनची माळ घातलेला एकजण आला, तो कुठल्याही प्रश्नाला “होऊन जाईल” म्हणायचा, त्याला तर मीही नको म्हटलं असतं. पण नंतरचा तो चष्मेवाला चांगला होता. त्यानं बैठकीच्या खोलीत दोन स्पीकर मांडून एक बासरी लावली. ह्यांनी डोळे मिटून ऐकली, मान डोलावली, आणि डोळे उघडून म्हणाले, “डावीकडचा जरा दबलेला वाटतो.” दबलेला! लग्नापासून आजतागायत ह्या माणसाला सूर आणि शिट्टी यांतला फरक सांगता आलेला नाही. मी गालात हसले, कारण मला वाटलं शौक चढलाय, नवं खेळणं मिळालंय, करू दे. आणि खरं तर हे काही नवं नव्हतं, हेच मला आज त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून आठवलं. आमची ओळखच मुळी नापसंतीतून झाली. मी कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला होते. टेबलावर कापडाचे थरावर थर अंथरायचे, वर खडूनं आखायचं, आणि मशीनची पाती त्यातून अशी न्यायची की खालचा थर वरच्यापेक्षा सुताइतकाही सरकता कामा नये. हे त्यांच्या कंपनीकडून गणवेशांचा माल तपासायला आले. खिसे तिरके आहेत म्हणून सगळा माल परत. मी रात्रंदिवस एक करून पुन्हा कापला. हे पुन्हा आले, कॉलरचं टोक बघितलं, पुन्हा परत. तिसऱ्यांदा काज. मालक माझ्यावर उखडला, मला नोकरी जायची वेळ आली, आणि मग एक दिवस हा माणूस कारखान्याच्या दाराशी उभा राहून मला म्हणाला, “मालात काही खोट नव्हती हो. मला परत यायचं होतं.” केवढी हसले होते मी तेव्हा. सगळ्या मैत्रिणींना सांगितलं. माणूस प्रेमात पडला की फुलं आणतो, ह्यानं माल परत पाठवला. तेव्हा गंमत वाटली होती. पण त्या दिवसांत माझी झोप उडाली होती, त्याबद्दल मी कधी त्यांना काही म्हटलं नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. ह्यांचं प्रेम असंच. ज्याच्यावर करायचं त्याच्याच जिवाला घोर.

“ताई,” आवाजवाली म्हणाली, “या खोलीत तुम्ही जास्त वेळ कुठं बसाल?” मी दचकले. खाली आता काही ऐकू येत नव्हतं, नुसतं प्लास्टिक फडफडत होतं. “म्हणजे?” “म्हणजे खुर्ची कुठं असेल, पलंग कुठं असेल. त्यावरून मी स्पीकरची तोंडं वळवते. जिथं तुम्ही असाल तिथं आवाज नीट यायला हवा, बाकी खोलीत थोडा कमी-जास्त झाला तरी चालतो.” चाळिशीची असेल. दंडाला सिमेंट लागलेलं, केस वर बांधलेले. मी समोरच्या भिंतीकडे बोट केलं. “पलंग तिथं. मी पलंगावरच असेन.” “दिवसासुद्धा?” “दिवसासुद्धा.” तिनं माझ्या डोक्यावरच्या रुमालाकडे बघितलं, मग पटकन नजर काढून घेतली आणि भिंतीवर पेन्सिलीनं एक फुली मारली. मी त्या फुलीकडे बघत राहिले. तिथं पडून मी वर बघणार. छताच्या जागी आत्ता लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा होता, त्यातून वरचं काँक्रीट दिसत होतं, एक वायर लोंबत होती. आणि मग मला एक गोष्ट कळली ती फार वाईट होती. त्या टोपीवाल्याला ह्यांनी नाकारलं, त्या कोटवाल्याला, त्या चष्मेवाल्याला, दर वेळी मी वैतागले होते हे खरं, पण दर वेळी आत कुठंतरी हुश्शही झालं होतं. घर झालं नाही, म्हणजे आज नाही. अजून नाही. मी तोंडानं म्हणत होते, चला, उरकून टाका, आणि माझं शरीर, ज्याचे एवढे हाल चालले होते, तेच मेलं आतून म्हणत होतं, राहू दे, अजून एक माणूस बघू. म्हणजे मला कुणी फसवलंच नव्हतं की काय? मी वेड पांघरून बसले होते की काय? मला ह्यांचा इतका राग आला होता की जिन्यावरून खाली जाऊन तोंड वाजवावं, आणि आता तो राग नेमका कुणावर काढायचा तेच कळेना. आवाजवालीनं पुन्हा एक टाळी वाजवली. त्या कोऱ्या भिंतींमधून ती टाळी परत आली. “इथं जरा घुमतंय,” ती म्हणाली, “पण पडदे आले की बसेल सगळं.”

जिना उतरणं ही आता एक मोठी मोहीम असते. पायाला पायरी कळत नाही, म्हणून डोळ्यांनी बघून पाऊल ठेवायचं, मग वजन द्यायचं, मग दुसरं. कठड्याला लाकूड लागायचं होतं, नुसते लोखंडी गज होते, गार, म्हणून मी भिंतीचा आधार घेत उतरले. बाहेर हे आणि पाणीवाला मातीत उभे होते. पाणीवाल्यानं नमुना म्हणून एक फवारा नळीला जोडून जमिनीत खोचला होता. मला बघून ह्यांचा चेहरा लगेच नवरोबाचा झाला, “अगं, हाक मारायची ना, मी आलो असतो!” मी म्हटलं, “काय म्हणताहेत हे?” पाणीवाला चिखलानं भरलेल्या आपल्या बुटांकडे बघायला लागला. “काम करायचंय ताई. पण माल… माल यायचा आहे.” “कुठून?” मी विचारलं. “तिकडून.” “तिकडून म्हणजे?” “वरून.” “वरून पाऊस येतो. पाइप कुठून येतात?” त्याच्या कपाळाला घाम आला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं, आणि मला त्याला सोडवत नव्हतं. दुखणाईत बाईला एवढी मजा तरी करू द्या. हे मध्ये पडले, “अगं, त्यांचा पुरवठादार बदललाय. होतं असं धंद्यात.” किती सहज! मी ह्यांच्याकडे बघितलं. दाढी नीट केलेली, शर्टाला इस्त्री, खिशाला पेन. माझ्या आजारात ह्या माणसाचं एक बटण इकडचं तिकडं झालेलं नाही. फक्त मान बारीक झालीय, कॉलरमध्ये हलते. पाणीवाल्यानं सुटका व्हावी म्हणून की काय घाईघाईनं नळी चालू केली, “बघा ताई, फवारा कसा पडतो ते बघा.” पाणी गोल फिरत वर आलं, उन्हात चमकलं, छान दिसलं. फिरत फिरत ते आमच्या बाजूला आलं आणि चार थेंब माझ्या मनगटावर पडले. मी किंचाळले. स्वतःलाच लाज वाटावी अशी. पाणीवाल्यानं नळी फेकून दिली, ती जमिनीवर वळवळायला लागली, आणि हे धावले, खिशातला रुमाल काढून माझं मनगट पुसायला लागले, पुसत राहिले, कोरडं झालं तरी. “सॉरी ताई, सॉरी,” पाणीवाला म्हणत होता, “गरम आलं का? नळी उन्हात होती.” कसं सांगणार त्याला? मी म्हटलं, “नाही हो. छान आहे फवारा.” तो सामान उचलून निघूनच गेला. त्याच्या छोट्या टेम्पोच्या मागच्या बाजूला पाइपांची भेंडोळी बांधलेली मी बघितली. ह्यांनीही बघितली. मग आम्ही दोघं गाडीत जाऊन बसलो.

ह्यांनी किल्ली लावली, पण गाडी चालू केली नाही. फडका घेऊन समोरची काच आतून पुसायला लागले. काच स्वच्छच होती. “माल दिसला मला,” मी म्हटलं, “टेम्पोत होता.” “तो दुसऱ्या कुणाचा असेल.” “अहो, मी वर खिडकीशी होते. काच नाहीये तिला.” फडका थांबला. मग पुन्हा सुरू झाला, त्याच जागी, गोल गोल. मी वाट बघितली. मला वाटलं, आता माफी मागतील, आता रडतील, आणि मग मला त्यांना समजवावं लागेल, आजवर करत आलेय तसं. पण हे एकदम माझ्याकडे वळून ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. “मग काय करू मी? सांग ना! पाइप टाकून घेऊ? छत बंद करू? रंगाऱ्याला म्हणू लवकर आटप, हिला जायची घाई आहे? तुझ्या मरणाला मी कंत्राटदार शोधू?” तोंडातून थुंकी उडाली. इस्त्रीच्या शर्टावर पडली. रस्त्यावरून एक बाई पिशवी घेऊन चालली होती, तिनं वळून बघितलं आणि पावलं उचलली. मी म्हटलं, “ओरडू नका.” “ओरडणार! तू ठराव केलास. तू एकटीनं केलास. मला विचारलंस? डॉक्टरांसमोर मी नाही म्हटलं असतं तर तू त्याच दिवशी बंद केलं असतंस. मी हो म्हटलं कारण मला तेवढंच मिळत होतं. मिळेल तेवढं घ्यायचं म्हणून घेतलं. आणि मग ते पुरवायला लागलो.” मलाही मग राहवलं नाही. म्हटलं, “पुरवलंत तुम्ही, पण कुणाच्या अंगावर? ते फोड तुमच्या तोंडात आले असते ना, तर त्या टोपीवाल्याचे पाय धरून त्याला परत आणलं असतंत तुम्ही. रात्र रात्र उलट्या काढल्यात मी. तुमच्या त्या कोरड्या कोपऱ्यापायी!” त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी तरी त्यांना कानफटात मारलीय. मग हळू आवाजात म्हणाले, “मला माहीत आहे. मीच तर भांडं धरत होतो.” ते खरं होतं. प्रत्येक वेळी तेच भांडं धरून बसले होते, माझ्या पाठीवर हात ठेवून, आणि सकाळी उठून नव्या पाणीवाल्याला फोन करून बोलवत होते आणि संध्याकाळी त्याला नाकारत होते. हे दोन्ही एकाच माणसानं कसं केलं असेल? मला त्या क्षणी त्यांची भीती वाटली, आणि दयाही आली, आणि कुठलं आधी आलं ते सांगता येणार नाही.

आम्हाला मूलबाळ नाही. म्हणजे मी गेले की ह्या घरात हे एकटे. एवढ्या खोल्या, प्रत्येक खोलीत बोलणारी भिंत, बाहेर आपोआप भिजणारी हिरवळ, आणि मधे हा माणूस, इस्त्रीचा शर्ट घालून, कुणाचा माल नाकारायचा म्हणून शोधत. हा विचार मी आजवर किती वेळा केलाय आणि किती वेळा टाकून दिलाय. गाडीत उकडायला लागलं होतं. मला म्हणायचं होतं की बरं बाबा, आणखी एक फेरी घेते, फक्त एक, तुमच्यासाठी. अगदी ओठांवर आलं होतं. आणि मला स्वतःसाठीही हवं होतंच की ते, मघाशी वर बसून मला तेच तर कळलं होतं. मी खाली बघितलं. ह्यांनी माझा हात हातात घेतलेला होता. कधी घेतला? मला कळलंच नव्हतं. ते तो दाबत होते, अंगठ्यानं माझ्या बोटांवरून पुढे-मागे, पुढे-मागे चोळत होते, आणि मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. दुसऱ्या कुणाचा हात असावा तसा तो त्यांच्या मांडीवर पडला होता. या हातानं मी कापडाचा पोत ओळखायचे, डोळे मिटून सांगायचे हे सुती, हे मिश्र, याला एक धुण्यात सुरकुती पडेल. डॉक्टरांना मी गेल्या खेपेला हळूच विचारलं होतं, औषध बंद केलं तर बोटं परत येतील का? ते म्हणाले होते, येतात पुष्कळदा, थोडी थोडी, वेळ लागतो. तेव्हा माझ्या मनात आलं होतं की मग वेळ हवा. बाटलीतला वेळ नको, बोटांसाठी वेळ हवा. मला हा हात कळायला हवा होता. जाण्याआधी एकदा तरी, न बघता. “तुम्ही माझा हात धरलाय,” मी म्हटलं. “हो,” हे म्हणाले. “मला बघितल्यावर कळलं.” ह्यांचा अंगठा थांबला. पुढं मी काही समजावलं नाही. समजावायची गरज नव्हती, ह्या माणसाला अडाणी कुणी म्हणणार नाही. त्यांनी हात सोडला नाही, पण चोळणं बंद केलं. मग मान वळवून बाहेर त्या उकरलेल्या मातीकडे बघत, अगदी साध्या आवाजात विचारलं, “कुणाला द्यायचं मग काम?”

तेवढ्यात आवाजवाली बाहेर आली, दाराला कुलूप लावून. गाडीच्या खिडकीशी वाकून तिनं किल्ल्या आत दिल्या आणि जरा बिचकत म्हणाली, “साहेब, मग माझं काय ठरवताय? म्हणजे नको असेल तर तसं सांगा. दुसरं काम घ्यायला बरं.” किती जणांनी हा प्रश्न ह्याच सुरात विचारला होता. हे माझ्याकडे बघायला लागले. मी ह्यांच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर फिरले असते. “तुम्हाला दिलं काम,” मी म्हटलं, “उद्याच या.” ती एवढी खूश झाली की तिनं दोन्ही हात जोडले, मग एकदम आठवून म्हणाली, “आणि ताई, पलंग तिथंच ठेवायचा ना? नंतर हलवायचा म्हणाल तर मला पुन्हा सगळं फिरवावं लागेल.” “नाही हलवणार,” मी म्हटलं. ती स्कूटरवर बसून गेली. रस्ता रिकामा झाला. माझ्या कानातला रातकिडा तेवढा चालू होता, मला घाम सुटला होता, आणि मला भीती वाटत होती. फार. लहानपणी विहिरीत वाकून बघताना वाटायची तशी, पण आता मागून धरायला कुणी नाही. म्हटलं, “पाणीवाल्याला तुम्ही करा फोन. तुमच्यामुळे बिचारा तोंडावर आपटला माझ्यासमोर.” मग त्यांनी माझा हात उचलून माझ्या मांडीवर ठेवला, एखादी जपायची वस्तू ठेवावी तसा नीट, आणि फोन काढला. “हां, नमस्कार. मघाशी आपण भेटलो,” हे म्हणाले. आवाज ऑफिसातला, खणखणीत, माझ्या कारखान्यात यायचे तेव्हाचा. “तुमचं काम पक्कं. सुरू करा. उद्यापासून करा. नाही नाही, आता काही अडचण नाही.” पलीकडून काहीतरी बोलणं आलं. मग सवयीनंच असणार, कुठलंही काम देताना जे विचारायचं ते ह्यांनी विचारलं, “किती दिवस लागतील पुरं व्हायला?” उत्तर लगेच आलं असावं. ह्यांचं तोंड उघडं राहिलं. “इतक्या लवकर?” हे म्हणाले. पाणीवाल्याला ते कौतुक वाटलं असणार, कारण तो बराच वेळ उत्साहानं काहीतरी सांगत राहिला, आणि हे फोन कानाला घट्ट धरून, समोर बघत, हो, हो म्हणत राहिले.